राखीव पाणी सायकलवर नव्हतं, नकाशावर होतं: ९६ किलोमीटरच्या एका कोरड्या टप्प्याचं प्रकरण

चार दिवसांची बाइकपॅकिंगची, म्हणजे सायकलवरच सामान बांधून करायची, फेरी होती. दोघेच होतो, मी आणि माझा बऱ्याच वर्षांचा सोबती. पुढे लिहिलंय ते सगळं दुसऱ्या दिवसाचं आणि त्या रात्रीचं आहे. आम्ही नवखे नव्हतो. फिल्टर होता, क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या होत्या, ओआरएसची पाकिटं होती, नकाशा फोनमध्ये उतरवून घेतलेला होता. एवढं असूनही संध्याकाळी सात वाजता दोघांत मिळून दोनशे मिलिलिटर पाणी उरलं होतं. सामान पुरेसं होतं, हिशोब चुकला होता. तो कुठे चुकला हे सापडायला मला बरेच दिवस लागले, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

निघतानाचा हिशोब

शेवटचा नळ सोडला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. तिथून पुढचं खात्रीचं पाणी, म्हणजे बारमाही नदी, ९६ किलोमीटरवर. एकूण चढ १,४५० मीटर, बहुतेक रस्ता खडीचा आणि मुरमाचा. मध्ये नकाशावर दोन निळ्या खुणा होत्या: ३८ व्या किलोमीटरला विहीर आणि ६१ व्या किलोमीटरला ओढा. ओढ्याची रेघ तुटक होती. तुटक रेघ म्हणजे हंगामी पाणी, हे आम्हाला ठाऊक होतं.

आदल्या दिवशी आमचा सरासरी वेग ताशी १४ किलोमीटर होता. त्यावरून ९६ किलोमीटरला सात तास धरले. तासाला अर्धा लिटर, म्हणजे माणशी साडेतीन लिटर. माझ्याकडे फ्रेमच्या त्रिकोणात ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, दोन्ही बाजूंना एकेक लिटरच्या दोन, बरोबर साडेतीन लिटर. सोबत्याच्या पाठीवरच्या बॅगेत तीन लिटरचं ब्लॅडर, म्हणजे नळीने प्यायची पाण्याची पिशवी, आणि फ्रेमवर ७५० ची एक बाटली. दोघांचं मिळून सव्वासात लिटर.

कागदावर आकडे तंतोतंत जुळत होते, आणि नेमकी तिथेच गोम होती. लागेल तेवढंच पाणी घेतलं होतं, वर काही नाही. राखीव म्हणून आम्ही विहीर धरली होती. “कमी पडलंच तर ३८ ला विहीर आहे की,” असं मीच म्हणालो होतो. जी विहीर दोघांपैकी कोणी पाहिली नव्हती, तिच्यातलं पाणी मी हिशोबात जमा धरलं होतं.

वेळही चुकीची होती. साडेदहाला निघालं की दिवसातले सगळ्यात तापलेले तास चढावर जातात. पहाटे पाचला निघालो असतो तर तेवढंच अंतर, तोच चढ आणि निम्म्याहून जास्त रस्ता गारव्यात झाला असता. पाण्याची तजवीज बाटल्या भरताना सुरू होत नाही, गजर लावतानाच होते, हे मला त्या दिवसाआधी कळायला हवं होतं.

विहीर

पहिले ३८ किलोमीटर तीन तास वीस मिनिटांत झाले. वारा समोरून होता आणि पारा ३६ अंशांवर गेलेला. मी २.२ लिटर प्यायलो होतो, म्हणजे तासाला अर्धा नाही तर सुमारे ६६० मिलिलिटरच्या बेताने. उरलं १.३ लिटर.

विहीर होती, बांधलेली, चांगली खोल. तळाला वाळलेला पाला आणि एक जुनं टायर. खडा टाकला तर कोरडा आवाज आला.

सावलीत बसलो. सोबत्याने पाठीवरची बॅग काढून जमिनीवर ठेवली आणि तिलाच टेकून बसला. पंचवीस मिनिटांनी उठलो, त्याने बॅग उचलली, तर खालची माती काळी झालेली. परातीएवढा ओला गोल. नळीच्या टोकाचा बाइट व्हॉल्व्ह, म्हणजे दातांनी दाबला की उघडणारी तोटी, बॅगेखाली दबला होता, आणि त्याच्यावर भार पडला की तो उघडा राहतो. बसल्या बसल्या पाणी मातीत जात होतं आणि आवाज काहीच नव्हता. त्याच्या अंदाजाने ब्लॅडरमध्ये लिटरभर उरलेलं असायला हवं होतं. झिप उघडून पाहिलं तर तीनशे मिलिलिटर निघालं.

ब्लॅडरचा सगळ्यात मोठा दोष गळती नव्हे, ते दिसत नाही हा आहे. बॅगेत बंद असतं, ओठांशी नळी असते, आणि किती उरलं हे शेवटचा घोट हवा होऊन येतो तेव्हाच समजतं. त्या दिवशी सोबत्याची एक सवय कामी आली. तो आधी ब्लॅडर संपवतो आणि बाटलीला हात लावत नाही. त्याची ७५० ची बाटली जशीच्या तशी भरलेली होती. सगळं पाणी एकाच पिशवीत असतं तर या प्रकरणाचा शेवट काय झाला असता, हा विचार मला अजून नकोसा वाटतो.

आता दोघांत मिळून २.३५ लिटर. मागे ३८ किलोमीटर, पुढे ५८. मागचं पाणी नक्की होतं. पुढे २३ किलोमीटरवर एक तुटक रेघ आणि त्यानंतर थेट नदी.

“मागे फिरूया का?” सोबत्याने विचारलं.

मी म्हणालो, “ओढा आहे ना मध्ये. तिथवर जाऊ.”

आज मागे वळून पाहताना या प्रकरणातली सगळ्यात वाईट चूक मला हीच दिसते. गळती हा अपघात होता, पण हा निर्णय मी शुद्धीवर असताना घेतला. अर्ध्या तासापूर्वी एक निळी खूण खोटी निघाली होती, आणि मी लगेच दुसरीवर तोच विश्वास टाकला, तोही जी नकाशातच कच्ची दाखवली होती तिच्यावर. मागे फिरायचं नव्हतं तर निदान ऊन उतरेपर्यंत त्या सावलीत बसायचं होतं. आम्ही सव्वादोनला, भर उन्हात, निघालो.

३८ ते ६१

पुढच्या दोन तासांत १५ किलोमीटर झाले. रस्त्यावर बारीक, सुटी वाळू होती आणि चढावर सायकली ढकलाव्या लागत होत्या. सायकल ढकलताना वेग माणसाच्या पावलांचा होतो, पण घाम कमी होत नाही. उलट चालत्या सायकलवर अंगाला लागतो तो वारा बंद होतो आणि अंग आणखी तापतं. पाणी किलोमीटरवर मोजणं का फसतं ते इथे कळतं. तहान अंतराला लागत नाही, तासांना लागते. १५ किलोमीटर म्हणजे चांगल्या रस्त्यावर तास सव्वातास. आम्हाला दोन तास लागले आणि दोघांत १.६ लिटर गेलं.

साधारण ५० व्या किलोमीटरनंतर सोबती बोलेनासा झाला. आधी मला वाटलं, माझ्यावर चिडलाय. मग एका सपाट जागी त्याला गिअर बदलायचं सुचेना, जड गिअरमध्येच रेटत राहिला. डोकं दुखतंय म्हणाला. हातावर काटा आला होता, ३६ अंशांत. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं की दम आणि काम करायची ताकद उतरायला लागते, असं साधारण मानतात. त्याचं वजन ७८ किलो, म्हणजे दोन टक्के म्हणजे दीड लिटरच्या आसपास. नंतर मांडलेल्या हिशोबाप्रमाणे तेव्हा तो दोन लिटरने मागे होता.

अंगावर काटा, थंडी वाजणं, गोंधळ, नीट न बोलणं ही उष्णतेने माणूस आडवा व्हायच्या आधीची लक्षणं असू शकतात. तिथे पुढे रेटायचं नसतं. ५३ व्या किलोमीटरला एका कातळाची सावली मिळाली आणि चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही थांबलो. त्याचे बूट काढले, हेल्मेट काढलं, शर्ट सोडला, आणि फडका भिजवून मानेवर ठेवला. प्यायला ७५० मिलिलिटर उरलेलं असताना त्यातलं थोडं मानेवर घालायला हात धजत नव्हता, पण ते केलं.

या थांब्यावर आमचा एक वाद झाला, आणि तो महत्त्वाचा आहे. सोबती म्हणत होता, पाणी झाकून ठेवू, अंधार पडेपर्यंत हात लावायचा नाही. मला ते पटलं नाही. बाटलीत राखून ठेवलेलं पाणी शरीराच्या काही कामाचं नाही. वाचवायचा असतो घाम, पाणी नाही. म्हणजे सावलीत पडून राहायचं, बोलायचं कमी, तोंड बंद ठेवून नाकाने श्वास घ्यायचा, कोरडं खायचं नाही कारण पचायलाही पाणी लागतं, आणि तहान लागेल तसं घोटघोट प्यायचं. त्याला थोडं थोडं करून ३०० मिलिलिटर दिलं. सहापर्यंत डोकेदुखी तशीच होती, पण काटा गेला आणि तो पुन्हा पूर्ण वाक्यांत बोलायला लागला. सहाला ऊन उतरलं तेव्हा निघालो. आठ किलोमीटरला तास लागला.

ओढा

ओढा कोरडा होता.

पण विहिरीसारखा कोरडा नव्हता. वाळू वरून पांढरी, पायाने उकरली की खाली करडी. एका वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पावसाळ्यात धार आपटून काठ खचतो आणि तळ सगळ्यात खोल असतो, तिथे झुडपं अजून हिरवी होती. तिथेच हातांनी आणि स्वयंपाकाच्या भांड्याने उकरायला सुरुवात केली. मनगटापर्यंत ओलसर वाळू, कोपरापर्यंत चिखल, आणि त्याच्या खाली खड्ड्याच्या भिंतीतून पाणी झिरपताना टॉर्चच्या उजेडात चमकलं. पहिल्यांदा आलेलं सगळं उपसून टाकलं, दुसरंही टाकलं. तिसऱ्या वेळी चहाच्या रंगाचं पाणी साचलं. एक कप भरायला पाच-सहा मिनिटं लागत होती.

ते लगेच प्यायलो नाही, आणि तो तास फार जड गेला. पाणी आधी फडक्यातून गाळून भांड्यात वीस मिनिटं निवळू दिलं, कारण गाळ सरळ फिल्टरमध्ये गेला तर फिल्टर तुंबतो. तरी पहिल्या लिटरनंतर तुंबलाच. उलट बाजूने स्वच्छ पाणी मारून धुतला तेव्हा चालू झाला. पोकळ तंतूंचा फिल्टर, ०.१ मायक्रॉनचा. त्यात जिवाणू आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी अडकतात. विषाणू मात्र त्याहून बारीक असतात, ते निसटू शकतात, म्हणून गाळलेल्या पाण्यात गोळी टाकून अर्धा तास थांबलो. नुसत्या गोळीवर भिस्त असती तर क्रिप्टोस्पोरिडियमसाठी चार तास थांबावं लागलं असतं, आणि गार किंवा गढूळ पाण्यात वेळ आणखी वाढतो. फिल्टर आणि गोळी ही जोडी अशा वेळी उपयोगी पडते. पाण्यात विरघळलेली रसायनं या दोन्हींनी जात नाहीत. वरच्या अंगाला शेती किंवा कारखाना असता तर ते पाणी प्यावं की नाही याचा वेगळा विचार करावा लागला असता. तिथे वर नुसता डोंगर होता.

सव्वानऊला पहिला घोट. ओआरएसचं एक पाकीट एक लिटरमध्ये, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मोजून. तहान फार लागली की माणूस अख्खं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये टाकतो आणि लवकर गुण येईल असं समजतो. उलट होतं. दाट झालेलं द्रावण आतड्यात पाणी ओढून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला सोडियम ७५ मिलिमोल आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल असतं. हे प्रमाण सारखं ठेवलेलं आहे कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांच्या जोडीने शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. पाण्याचं प्रमाण बदललं की हे गणित मोडतं.

सोबत्याला गटागटा प्यायचं होतं. मी त्याला कपाने देत राहिलो, दहा-पंधरा मिनिटांनी एक. दिवसभर घामातून मीठ गेलेलं असताना नुसतं पाणी भरमसाट प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं. ते लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल या पट्ट्यात असायला हवं. त्याखाली गेलं की डोकेदुखी, मळमळ, गोंधळ ही लक्षणं दिसतात, आणि ती पाणी कमी पडल्याच्या लक्षणांसारखीच असतात. म्हणून माणूस आणखी पाणी पितो.

रात्री जेवण शिजवलं नाही. एकाआड एक जागून सकाळपर्यंत पाच लिटर जमवलं. साडेपाचला निघालो, नऊच्या आत नदी आली.

मोजमाप

घरी आल्यावर एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती: स्वतःचा घाम मोजला. कपडे काढून वजन करायचं, तासभर उन्हात सायकल चालवायची, अंग पुसून पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं त्यात मध्ये प्यायलेलं पाणी मिळवायचं. लघवीला गेलो असू तर तेवढं वजा करायचं. माझं वजन अर्धा किलो घटलं आणि ४५० मिलिलिटर प्यायलो होतो, म्हणजे तासाला ९५० मिलिलिटर. सोबत्याचंही नऊशेच्या आसपास निघालं. दोघांनी अर्धा लिटर धरला होता. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि थंडीत, उन्हात, चढावर बदलतो. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन भागत नाही.

दुसरं मोजमाप वजनाचं. आम्ही कमी पाणी का घेतलं होतं? लिटरमागे एक किलो, आणि चढ १,४५० मीटर, म्हणून. मग मांडून पाहिलं. माणशी अडीच लिटर जास्त घेतलं असतं तर ते अडीच किलो १,४५० मीटर वर न्यायला सुमारे ३६ किलोज्यूल काम पडतं. सतत १५० वॉट ताकद लावणाऱ्या माणसाला त्यासाठी चार मिनिटं जास्त लागतात. कच्च्या रस्त्याचं घर्षण धरलं तरी अख्ख्या टप्प्यात दहा मिनिटांच्या आतच. आमचे पंधरा तास जास्त गेले आणि एक माणूस जवळजवळ आडवा झाला. पाण्याचं वजन वाचवण्याबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला मी हा हिशोब कागदावर करून दाखवतो.

तोच टप्पा, पाच महिन्यांनी

पुन्हा गेलो, मुद्दाम त्याच रस्त्याने. या वेळी तास मोजले ते शेवटच्या खात्रीच्या पाण्यापासून पुढच्या खात्रीच्या पाण्यापर्यंत, नऊ धरून. मधल्या दोन्ही खुणा शून्य मानल्या. तासाला अर्धा लिटर, अधिक दीड लिटर असं जे मध्ये एखादी बाटली फुटली, चाक तुटलं किंवा रात्र काढावी लागली तर हाताशी असेल. माणशी सहा लिटर. घामाएवढं सगळंच प्यायला हवं असं नाही, थोडी तूट शरीर सोसतं आणि मुक्कामी भरून काढतं. पण ही तूट मुक्कामी पाणी असेल तरच परवडते.

सोबत्याने ब्लॅडर पाठीवरून उतरवलं आणि फ्रेम बॅगेत ठेवलं, नळी हँडलबारपर्यंत. पाठीवर तीन किलो घेतले की ते बैठकीवर आणि तळहातांवर येतात, तिसऱ्या दिवशी त्याची किंमत कळते. व्हॉल्व्हला आता बंद करायची खिट्टी आहे. थांबलो की ती बंद होते. फ्रेम बॅगेने त्रिकोण भरला म्हणून फोर्कवर एकेक लिटरच्या दोन, आणि फ्रेमच्या खालच्या नळीच्या पोटाशी आणखी एक लिटर. या खालच्या बाटलीच्या तोंडावर रस्त्याची घाण, शेण, चिखल सगळं उडतं. म्हणून तिला झाकणावर झाकण, आणि तिच्यातलं पाणी उकळायच्या कामाचं, तोंड लावायचं नाही.

माझ्या चार बाटल्या आधीसारख्याच, आणि त्यांच्या वर बसणाऱ्या अर्ध्या फ्रेम बॅगेच्या तळाशी अडीच लिटरची घडी होणारी पिशवी. सीट बॅगेत पाणी ठेवायचा मोह होतो कारण तिथे जागा असते. तिथे भार उंच आणि मागे जातो आणि उभं राहून पेडल मारताना सायकल शेपटी हलवल्यासारखी झुलते. फोर्कवरच्या बाटल्यांनी हँडल जड होतं, सुट्या वाळूत ते जाणवतं, पण भार खाली असतो म्हणून सवय होते. डावी-उजवी आळीपाळीने प्यायची, नाहीतर हँडल एका बाजूला ओढतं. खडीवर केजचे, म्हणजे बाटली धरणाऱ्या पिंजऱ्याचे, बोल्ट सैल होतात. रोज सकाळी अ‍ॅलन की फिरवली, तिसऱ्या दिवशी एक खरंच अर्धा फेरा सैल निघाला. केजभोवती ताणाचा एक पट्टा होता, त्यामुळे बाटली पडली नसती.

निघालो पहाटे सव्वापाचला. विहिरीपाशी आठ वाजून दहा मिनिटांनी पोचलो, नदीवर दुपारी दोन-वीसला. तिथे पोचलो तेव्हा माझ्याकडे १.३ लिटर होतं, त्याच्याकडे १.६.

विहिरीत या खेपेला पाणी होतं. काठावरून दिसत होतं, पण ना दोर, ना बादली. सोबत्याने सामान बांधायचे पट्टे एकाला एक जोडले आणि त्याला बाटली बांधून सोडली. पृष्ठभागापासून हातभर वर ती थांबली. आमच्या नकाशात त्या निळ्या खुणेपुढे आता दोन महिन्यांची नावं लिहिलेली आहेत, एकापुढे “कोरडी” आणि दुसऱ्यापुढे “पाणी आहे, दोर न्या”.